मदत हवी आहे : बॅकअपच्या हार्ड डिस्कला कनेक्शन कुठलं घ्यावं?

फोटोवाला_नाशिक : लग्नसराईच्या आत बॅकअपला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यायच्यात. दुकानदार म्हणतो थंडरबोल्ट घ्या, मित्र म्हणतो ई-साटा (दोन्ही यूएसबीसारखीच डिस्क जोडायची कनेक्शन). यूएसबीवर सध्या कॉपीला अख्खी रात्र जाते. उद्या खरेदी आहे, लवकर सांगा.

सह्याद्री७२ : कॉम्प्युटर कुठला? पोर्ट कुठले? डेटा किती?

फोटोवाला_नाशिक : विंडोज डेस्कटॉप. २ टीबी. पोर्ट यूएसबीचेच.

सह्याद्री७२ : अहो, कुठलं यूएसबी? पोर्ट आतून निळा (सहसा ३.०) की काळा (सहसा २.०)? २.० वर सेकंदाला ३०-४० एमबीच मिळतात, म्हणजे २ टीबीला पंधरा-सोळा तास. ३.० वर तीच डिस्क शंभरच्या वर जाते, पाच तासांत काम होतं. फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल डिस्कचा स्वतःचाच वेग तेवढा. थंडरबोल्टने तो वाढत नाही, पैसे मात्र जातात.

जुना_जाणता : ई-साटाच घ्या. मी वर्षानुवर्षं वापरतोय, एकदाही दगा नाही.

सह्याद्री७२ : साध्या ई-साटाच्या केबलमधून डिस्कला वीज येत नाही. नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर (मुख्य बोर्डवर) तो पोर्टही सहसा नसतो.

जुना_जाणता : साडेतीन इंची मोठ्या डिस्कला यूएसबीवरही विजेचा अडॅप्टर लागतोच की!

सह्याद्री७२ : त्यांना पोर्टेबल हवीये, ती यूएसबी केबलच्या विजेवरच चालते.

मेघना_पुणे : हे सगळं सोडा आणि क्लाउडवर टाका.

फोटोवाला_नाशिक : २ टीबी अपलोड कधी होणार, ताई? पोर्ट निळाच आहे, वेग ३५. टाइप-सी घेऊ का?

सह्याद्री७२ : टाइप-सी हा फक्त पिनचा आकार. त्यातही २.० च्या वेगाच्या केबल असतात. तुमच्या केबलचं डिस्ककडचं टोक कसं आहे? दोन भागांचं रुंद, की जुन्या मोबाइल चार्जरसारखं अरुंद? अरुंद पिन डिस्कच्या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात बसते, डिस्क चालतेही, पण २.० वर.

कोकणी_माणूस : विषय निघालाच आहे तर, ३.० ची डिस्क लावली की माझा वायरलेस माऊस अडखळतो. का?

सह्याद्री७२ : ३.० चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, वायरलेस माऊसही सहसा त्याच लहरींवर चालतो. माऊसचा रिसीव्हर डिस्कपासून लांब लावा.

फोटोवाला_नाशिक : टोक अरुंद होतं. भावाच्या डिस्कची रुंद केबल लावली, ११० दाखवतंय! आता कंपनी कुठली घेऊ?

जुना_जाणता : कुठलीही घ्या, पण ई-साटावाली.

मेघना_पुणे : दोन्ही डिस्क स्टुडिओतच ठेवू नका, एक घरी ठेवा.