प्रायश्चित्त नक्की कोणी करायचं?

वसईची सून :
माहेर नगरचं, मिशनच्या वाड्यातलं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये तिसरीतल्या मुलांचं पहिलं पापनिवेदन (फादरांपुढे आपली पापं सांगणं, कन्फेशन) आहे, त्यासाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर माझ्याकडे आलंय. मूळ मजकूर इंग्रजी. त्यातल्या एका वाक्याचं मी असं केलं : 'फादर तुला प्रायश्चित्त देतील, ते मनापासून कर.' मसुदा फोनवर मावशीला वाचून दाखवला. मावशीचं वय पंच्याहत्तर, अर्धं आयुष्य संडे स्कूल शिकवण्यात गेलेलं. ती म्हणाली, "बाई गं, प्रायश्चित्त फादर कसं देतील? ते एकदाच झालं, क्रुसावर. लेकरांना भलतं शिकवू नकोस."
तेव्हापासून अडले आहे. इंग्रजीत पेनन्स (ज्याचं पाप त्याने करायचं ते) वेगळा, अटोनमेंट (ख्रिस्ताने क्रुसावर सगळ्यांसाठी केलं ते) वेगळा. आपल्याकडे दोन्हींना प्रायश्चित्त. आठ वर्षांच्या मुलाला कळेल आणि मावशीलाही खुपणार नाही असा शब्द हवाय. पुस्तिका शुक्रवारी छापायला जाईल.

शब्दवेल्हाळ :
ताई, तुमचंच बरोबर आहे. या शब्दाची परंपरागत फोड अशी : 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय. निश्चयाने केलेलं तप. धर्मशास्त्रात ज्याचं पाप त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं. जाणत्यांनी ते सांगायचं, द्यायचं. 'प्रायश्चित्त देणे' आणि 'प्रायश्चित्त घेणे' हे दोन्ही प्रयोग मराठीत मुरलेले आहेत. एकाने सगळ्यांसाठी करायचं हा अर्थ मिशनऱ्यांच्या भाषांतरातून आला. मावशींच्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर आहे, पण शब्द त्यांच्या बाजूचा नाही.

उत्तरवाट :
असं एका वाक्यात निकालात काढू नका. बायबलातलं लेवीय १६ वाचा. वर्षातून एकदा महायाजक परमपवित्रस्थानात जातो आणि सगळ्या लोकांसाठी रक्त शिंपडतो. मराठी बायबलमध्ये त्याला प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात. इब्री धातूचा अर्थ झाकणं, पुसून टाकणं. त्या स्थानातल्या कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, झाकणाला आपण 'दयासन' म्हणतो, तो इब्री शब्दही त्याच धातूचा. म्हणजे एकाने सर्वांसाठी करायची गोष्ट हीच. मावशींच्या तोंडी हा शब्द तिथून आलाय, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत तो याच अर्थाने बोलला गेलाय. मुरलेलं म्हणायचं ते आणखी काय?

अलिबागचा शेजारी :
आमच्या आळीत पूर्वी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं होती, शनवारतेली म्हणायचे त्यांना. याच प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते मराठीत 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी कडक उपास, दारं बंद, कोणाकडे जाणं नाही की कोणाला घरात घेणं नाही. आम्हा पोरांना बजावलेलं असायचं, आज तिकडे हाक मारायला जायचं नाही. संस्कृत शब्द न घेता आपल्या भाषेत त्यांनी केवढं नाव घडवलंय बघा. पण यातलं 'फाळणी' काय असावं? कोणी सांगेल का?

ग्रीक शिकतोय :
इंग्रजी शब्दाचंच बघा ना. अटोनमेंट म्हणजे मुळात 'अ‍ॅट वन', एक होणं. बायबलचा इंग्रजी भाषांतरकार टिंडेल, त्याने सोळाव्या शतकात तो बायबलमध्ये रुजवला. रोमकरांस ५:११ मध्ये जुन्या इंग्रजी बायबलात अटोनमेंट आहे, तिथे मराठीत सरळ 'समेट' आहे, आणि मूळ ग्रीकला तोच जवळचा. माझं मत : क्रुसावर झाला तो समेट म्हणा, आणि प्रायश्चित्त फादरांकडे राहू द्या.
खरा घोळ मला 'पश्चात्ताप' शब्दात वाटतो. ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. इब्री शब्दाचा अर्थ तर परत फिरणं. त्यात जळणं, पोळणं कुठे आहे? लॅटिनमध्ये त्याचं 'पेनिटेन्शिया करा' झालं आणि लोक ते पेनन्स करा असं ऐकू लागले. १५१७ मध्ये लूथरने ९५ प्रबंध मांडले, त्यातला पहिलाच यावर आहे : विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. आपण मात्र नंतर होणारा ताप घेऊन बसलोय.

शुद्ध-अशुद्ध :
निदान तो नीट लिहा तरी. पश्चात् अधिक ताप, म्हणून त्ता जोडाक्षर. चर्चच्या फलकांवर सर्रास 'पश्चाताप' दिसतो.

शब्दवेल्हाळ :
ताप हवाच. एकनाथी भागवतात अनुताप पानोपानी आहे. तुकोबा तर अनुताप हेच प्रायश्चित्त म्हणतात. नुसतं मन पालटलं आणि आत काहीच पोळलं नाही, तर ते मत बदलणं झालं.

कुपारी पोर :
वसईकर आहे म्हणून बोलतो. आमच्या आजीला पापनिवेदन हा शब्द शेवटपर्यंत परका होता. ती 'कुमसार'ला जायची. शनिवारी संध्याकाळी वाडीतलं काम आटोपून पाय धुवायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि निघायची. मी सोबत. ती लाकडी जाळीपाशी गुडघे टेकायची, मी मागच्या बाकावर. आवाज ऐकू यायचा नाही, फक्त तिच्या टाचांच्या भेगा दिसायच्या. उठून यायची ती थेट वेदीसमोर, माळ काढून प्रार्थना म्हणायची. मी एकदा विचारलं, "आता देव माफ करणार?" म्हणाली, "ते तर झालं तिथंच. हे मी माझ्या बाजूनं करते."
पुस्तिकेत कुमसार घाला ताई. पोरांच्या आज्या तरी ओळखतील.

शुद्ध-अशुद्ध :
पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश छापील पुस्तकात? मग शाळेत शिकवलेल्या मराठीचं काय करायचं?

कुपारी पोर :
तो चारशे वर्षं आमच्या तोंडात आहे. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं, त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. वैकुंठ चालतं, प्रायश्चित्त चालतं आणि आजीचा कुमसार मात्र चालत नाही?

उत्तरवाट :
दुसरं टोकही बघा. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ इब्री-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. संस्कृत कोळून प्यायलेली बाई, पण भाषा धरली ती कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी. पुस्तिका मुलांची आहे, तेव्हा तोच दंडक लावा.
आणि आजींचं बोलणं पुन्हा वाचा. आरंभीच्या शतकांत मोठ्या पापांसाठी आधी दीर्घ जाहीर प्रायश्चित्त असे, आणि मग मंडळीत परत घेत. आज फादर क्षमेचे शब्द आधी उच्चारतात, सांगितलेली प्रार्थना माणूस नंतर करतो. म्हणजे ती क्षमेची किंमत नाही. मावशींना हे सांगून बघा.

बांधावरून :
मी ख्रिस्ती नाही, पण क्षमेवरून सांगतो. आपला अस्सल मराठी प्रयोग 'अपराध पोटात घालणे'. आईच पोटात घालू जाणे. हा शब्द सोडून तुम्ही क्षमा आणि माफीत का अडकलात?
मात्र एक अनुभव आहे. वडील आणि चुलते बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. माझ्या बहिणीच्या लग्नाआधी काका आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "दादा, झालं गेलं पोटात घाल." वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "घालतो. पण काय झालं ते एकदा तुझ्या तोंडानं सांग." काका रडले आणि बोलले : दगड मीच हलवला, रात्री. त्यानंतर दोघं जेवायला बसले. न सांगता पोटात घातलेलं आत सलत राहतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

ग्रीक शिकतोय :
यासाठीच प्रभूच्या प्रार्थनेतलं जुनं मराठी मला प्यारं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाप नाही, ऋण आहे : आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तशी तू आमची ऋणं सोड. ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडून देणं, जाऊ देणं. क्षम् म्हणजे सहन करणं, ते वेगळं. ऋण सोडायचं तर आकडा माहीत असावा लागतो.

शब्दवेल्हाळ :
मग कर्जमाफी हाच शब्द बरोबर म्हणा की. माफी अरबीतून आली, सारामाफीतून गावोगाव पोचली. पण कर्जमाफीत देणारा वरचा आणि घेणारा खालचा राहतो, अर्ज करावा लागतो, यादीत नाव यावं लागतं. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत पुढे येतो, मुलाची पाठ केलेली वाक्यं पुरी होऊ देत नाही. तिथे माफी शब्द मला फार कोरडा वाटतो.

बांधावरून :
वाक्यं पुरी झाली नाहीत, पण 'मी पाप केलं' एवढं तो बोलला होता ना?

वसईची सून :
सगळ्यांचं वाचलं. कुमसार आज्यांसाठी प्रस्तावनेत घेतला. समेट चांगला आहे, पण आमच्याकडे हल्ली या संपूर्ण संस्कारालाच समेटाचा संस्कार म्हणतात, म्हणजे पुन्हा तिसरा गोंधळ. वाक्य आता असं केलंय : 'फादर तुला एक प्रार्थना किंवा एक चांगलं काम सांगतील, ते मनापासून कर.' शब्दच टाळला, हे मला कळतंय. काल मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे ठीक." जरा थांबून म्हणाली, "पण मग प्रायश्चित्त मुलांना कळणार कधी?"

शुद्ध-अशुद्ध :
टाळू नका. छापा, आणि तळाला अर्थ द्या. मुलं अवघड शब्द ऐकूनच शिकतात.

अलिबागचा शेजारी :
'फाळणी'चं राहिलंच. आमच्याकडे दार 'फाळणे' असं कोणी म्हणत नाही. रोहा-पेणकडे म्हणतात का?