नमकीनचा कारखाना आणि खरेदीदार कंपनीची शाश्वततेची प्रश्नावली

प्रश्न: पालद्याचा कारखानदार

नमस्कार. इंदूरच्या पालदा भागात आमचा शेव, गाठी आणि मिक्स्चर तयार करण्याचा लघुउद्योग आहे. निम्मा माल आमच्या स्वतःच्या नावाने इंदूर, देवास आणि उज्जैनच्या दुकानांत जातो. उरलेला माल आम्ही शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या कंपनीला, तिच्या नावाच्या पाकिटांत भरून देतो. या कंपनीने यंदा एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. तीत वीज, इंधन, पाणी, कचरा, तळणानंतर उरलेल्या तेलाची विल्हेवाट, पॅकेजिंगमधील पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण हे सर्व विचारले असून शेवटी ‘चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी (म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणण्यासाठी) आपण काय करता’ असा मोकळा प्रश्न आहे.

कायद्याने हे देणे आम्हाला बंधनकारक आहे का, की केवळ व्यवहार टिकवण्यासाठी द्यायचे, हे आधी समजून घ्यायचे आहे. शिवाय बारदान परत विकणे, तेलाचे रिकामे डबे देणे, झाडलेले बेसन पशुखाद्याला देणे या गोष्टी आमच्याकडे वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या आहेत. त्या या सदरात लिहिण्याजोग्या आहेत का? आणि पॅकेजिंगचा पुरवठादार ‘पुनर्चक्रण करता येणारे’ नवे लॅमिनेट (पाकिटाचे थर चिकटवून केलेले प्लास्टिक) थोड्या चढ्या भावाने देऊ करत आहे. ते घेऊन पाकिटावर तसे छापावे का?

उत्तर: साखळीतला माणूस

कायद्याचे आधी सांगतो, कारण तिथे गैरसमज फार आहेत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, ज्याला सर्व जण बीआरएसआर म्हणतात, बंधनकारक केला. २०२३ मध्ये त्यातील मोजक्या निकषांचा ‘कोअर’ भाग आला आणि पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची व ग्राहकांचीही माहिती द्यावी, असे ठरले. पुढे उद्योगांच्या अडचणी लक्षात घेऊन ही अट सैल झाली: कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा अधिक आहे अशाच भागीदारांपुरती ती उरली आणि तीही ऐच्छिक झाली. म्हणजे जबाबदारी आहे ती आपल्या खरेदीदाराची. आपले उत्तर हा आपल्या दोघांतील कराराचा विषय आहे. तरीही ते द्यावेच, कारण आज ऐच्छिक असलेली माहिती उद्या खरेदीच्या अटींत येते, आणि तेव्हा ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांच्या नोंदी आहेत त्याला धावपळ करावी लागत नाही.

प्लास्टिकचे प्रकरण वेगळे आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत; फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे बाजारात आणलेल्या प्लास्टिकचा कचरा झाल्यावर त्याची व्यवस्था लावण्याच्या जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वे जोडली गेली. त्यांत ‘ब्रँडचा मालक’ या व्याख्येतून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळलेले आहेत. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल अशी आहे, त्यामुळे स्वतःच्या नावाच्या पाकिटांपुरते आपण बहुधा त्याबाहेरच राहाल. खरेदीदाराच्या नावाच्या पाकिटांसाठी ब्रँडचा मालक तोच ठरतो. आपल्या उत्तरात ही विभागणी स्पष्ट लिहा. पाकिटांचे वजन मात्र दोन्हींचे वेगवेगळे नोंदवून ठेवा, कारण खरेदीदाराला त्याच्या वाट्याचा आकडा हवाच असतो.

एक सूचना आगाऊ वाटली तरी करतो. इंदूरचे कारखानदार अशा उत्तरांत देवगुराडियाच्या जैव-सीएनजी प्रकल्पाचे वर्णन घालतात. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला, दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याची क्षमता असलेला तो प्रकल्प खरोखर अभिमानाचा आहे, परंतु तो शहराचा आहे. आपल्या आवारातून किती किलो ओला कचरा वेगळा होऊन कोणाच्या गाडीत गेला, एवढेच आपले उत्तर होऊ शकते.

उत्तर: तळणघर

मी अन्नतंत्रज्ञानाच्या बाजूने लिहितो. नमकीनच्या कारखान्यात चक्रीयतेचा खरा विषय तेल हाच आहे आणि प्रश्नावलीत नेमके तिथेच बहुतेक जण ‘निकामी तेल शिल्लक राहत नाही’ असे एक वाक्य लिहून मोकळे होतात. हे वाक्य अर्धे खरे असते. शेव स्वतः पुष्कळ तेल पिते, कढईत सतत नवे तेल घालावे लागते, आणि त्यामुळे एखाद्या उपाहारगृहापेक्षा येथे तेल जुने होण्याचे प्रमाण कमी राहते. परंतु बेसनाचा जळका चुरा तळाशी बसत राहिला की नवे-जुने मिसळलेले तेलही लवकर बिघडते.

अन्नसुरक्षेची केंद्रीय नियामक संस्था एफएसएसएआय हिने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडले की वाढणाऱ्या घटकांची) कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणे आणि टाकाऊ तेल अधिकृत संकलकालाच देणे हेही २०१९ पासून लागू आहे. हे तेल पुढे बायोडिझेलकडे जाते. ते हातगाडीवाल्यांना विकले गेले तर चक्र पूर्ण होत नाही, फक्त दोष खाली ढकलला जातो.

हे वाक्य आपल्या कारखान्याबाबत खरे आहे की नाही, हे ताळेबंदाने तपासता येते. समजा, आपल्या साध्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ छापले आहेत. त्यातील सुमारे ३ ग्रॅम बेसनाचे स्वतःचे धरले, तर मोहन आणि तळण मिळून ३७ ग्रॅम तेल मालाबरोबर बाहेर गेले, म्हणजे टनामागे ३७० किलो. आता त्या टनासाठी प्रत्यक्षात किती तेल उचलले ते कोठाराच्या वहीत पाहावे. समजा ३९० निघाले, तर वरचे २० किलो चुऱ्यात, गाळात, फरशीवर किंवा कोणाच्या तरी डब्यात गेलेले आहेत आणि ते कुठे गेले हे आपल्याला सांगता आले पाहिजे. मिक्स्चरवर हा हिशेब करू नये. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, त्यामुळे आकडा भलतीकडे जातो.

उत्तर: लॅमिनेटवाला

छापू नका, निदान इतक्यात तरी नाही. नमकीनचे नेहमीचे पाकीट म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिथिनचे एकमेकांना चिकटवलेले थर. पॉलिथिन ११० ते १३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पॉलिएस्टरला २५० अंशांच्या पुढे जावे लागते; दोन्ही एकत्र वितळवून पुन्हा वापरण्याजोगा चांगला प्लास्टिकचा दाणा मिळत नाही आणि थर सुटे करणे परवडत नाही. म्हणून असा माल बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. कोळसा वाचतो हे खरे, पण प्लास्टिक संपते. त्याला चक्र म्हणणे मला पटत नाही.

पुरवठादार जे देऊ करत आहे ते सर्व थर एकाच कुळातील प्लास्टिकचे असे लॅमिनेट असावे. ती दिशा योग्य आहे. मात्र आधी त्याच्याकडून प्राणवायू आणि बाष्प अडवण्याचे आकडे लेखी घ्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत आपल्याच मालावर टिकाऊपणाची चाचणी करा, कारण खवट झालेला माल फेकावा लागला तर पाकिटात वाचवलेल्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी अधिक डाळ, तेल आणि वीज वाया जाते. दाव्यांबाबत म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. पुराव्याविना मोघम ‘हरित’ शब्द वापरता येत नाहीत. पुनर्चक्रित प्लास्टिकचा रकाना रिकामा राहिला तरी बिचकू नका: खाद्यपदार्थाला लागणाऱ्या प्लास्टिकवर एफएसएसएआयची बंधने आहेत आणि कायद्यामुळे पुनर्चक्रित अंश घालता येत नसेल, तर ज्या कंपनीवर ती अट बंधनकारक आहे तिला, अटीपेक्षा जास्त पुनर्चक्रित प्लास्टिक वापरणाऱ्यांकडून तेवढ्या प्रमाणपत्रांची खरेदी करण्याची वाट ठेवलेली आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता: पालद्याचा कारखानदार

सर्वांचे आभार. तेलाच्या ताळेबंदाचा हिशेब मुनीमजींना आजच दिला. बारदान आणि डब्यांबद्दल मात्र कोणी लिहिले नाही.

उत्तर: साखळीतला माणूस

तेच आपल्या उत्तरातले सर्वांत भक्कम कलम ठरू शकते, कारण वस्तू वितळवण्यापेक्षा ती आहे तशी पुन्हा वापरणे केव्हाही वरचढ. परंतु भंगारवाल्याला विकलेले बारदान आणि डाळ मिलला परत जाऊन पुन्हा भरून आलेले बारदान यांत फरक करा. पहिल्याची पावती असेल, दुसऱ्याची बहुधा नसेल, कारण तो हिशेब भावातच वळता होतो. मिलशी बोलून बिलावर परत गेलेल्या पोत्यांची संख्या लिहून घ्या. तेलाच्या १५ किलोच्या डब्यांऐवजी टाकीत तेल घेण्याइतकी आपली उचल असेल, तर डब्यांचा प्रश्नच उरत नाही. नसेल, तर डबे कोण नेतो आणि त्यांचे पुढे काय होते, हे एकदा विचारून ठेवा. देवास-उज्जैनकडे माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांतून दुकानदारांकडची खोकी परत आणता येतात का, हेही पाहा. भाडे तसेही दोन्ही बाजूंचेच लागते.