रात्रपाळीत डॉक्टरांना फोन करताना शंका कशी मांडावी?

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री माझ्या रुग्णाचा रक्तदाब आणि तापमान ठीक होते, पण श्वसनाचा वेग मिनिटाला १६ वरून २६ वर गेला होता आणि ते सारखी चादर चाचपत होते. "रुग्ण ठीक वाटत नाहीत," एवढेच मी सांगितले. "लक्ष ठेवा," असे उत्तर मिळाले. मी काय बोलायला हवे होते?

उत्तर १: आपली शंका रास्त होती. प्रकृती खालावू लागली की श्वसनाचा वेग अनेकदा रक्तदाबाच्या आधी बदलतो, म्हणून तो पूर्ण मिनिटभर मोजावा. न मोजताच अंदाजाने १८ असा सामान्य आकडा लिहिण्याची सवय मला फार खुपते. फोनवर 'एसबार' पद्धतीने, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, रुग्णाला काय होत असावे याबद्दल आपले मत आणि मागणी या क्रमाने बोलावे. "आपण येऊन रुग्णाला तपासावे," हे स्पष्ट म्हणावे, कारण मागणी केली नाही तर ऐकणारा ती नुसती माहिती समजतो.

उत्तर २: डॉक्टरांनी दिलेली तोंडी सूचना लिहून परत वाचून दाखवावी आणि श्वसनाचा वेग वगैरे किती झाल्यावर पुन्हा फोन करायचा, हेही विचारून घ्यावे. तरीही समाधान झाले नाही, तर वरिष्ठ परिचारिकेला तत्काळ कळवावे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. तासाभराने मी आकड्यांसह पुन्हा फोन केला, तेव्हा डॉक्टर लगेच आले.