दोन काठ्या, आणि तिसरा पाय आपला

दुर्बीण स्थिर टेकवायला ट्रेकिंगच्या दोन काठ्या रबराने फुलीसारख्या बांधल्या की ट्रायपॉडचं (तीन पायांच्या स्टँडचं) ओझं वाचतं, असं काही जण म्हणतात. १० बाय ४२ (म्हणजे १० पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बिणीपुरतं मान्य, १५ बाय ५६ ला नाही. दुर्बीण प्राण्याला जितकं जवळ आणते, तितकीच हाताची थरथरही मोठी करते.

मी स्वतः शिकारी नाही (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय जवळपास उरलाच नाही). पण इथे कोलोराडोत सप्टेंबरमध्ये एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीच्या हंगामात मित्राबरोबर डोंगर चढतो, आणि समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळत बसणं माझ्या वाट्याला येतं. फुलीसारख्या धरलेल्या दोन काठ्या डावी-उजवी हालचाल थोपवतात, पुढेमागे डुलणं तसंच राहतं. म्हणून तिसरा पाय आपणच व्हायचं. खडकाला पाठ टेकून बसा, कोपरं गुडघ्यांवर, काठ्या आखूड करून टोकं बुटांच्या बाहेर रोवा, मुठींच्या खाली चार बोटांवर फुली करा आणि त्या बेचक्यात दुर्बीण ठेवा. मनगटाचे पट्टे एकमेकांत अडकवले तर रबरही लागत नाही.

लांबी पिळून आवळायच्या काठ्या मला आवडत नाहीत. थंडीत, हातमोजे घालून, त्या नीट घट्ट होत नाहीत आणि भार आला की हळूच खाली सरकतात. खटक्याच्या बऱ्या.

६० पटीच्या स्पॉटिंग स्कोपला (एका डोळ्याने पाहायच्या मोठ्या दुर्बिणीला) मात्र हा जुगाड पुरत नाही. वारा सुटला की एल्क आणि ओंडका सारखेच दिसतात! तिथे दीड किलोचा कार्बन ट्रायपॉड मुकाट्याने पाठीवर घ्यायचा.