मदत हवी आहे : शेजारच्या नव्या गृहप्रकल्पामुळे ओढा बुजतो आहे, हरकत कोणी आणि कोठे नोंदवावी?

धागाकर्ता : मुरमाड

नमस्कार. छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेला, आपल्याकडे ज्याला झालर क्षेत्र म्हणतात त्या पट्ट्यातील एका गटात आमची वसाहत आहे. घरे बहुतेक बैठी असून प्लॉट शेतकऱ्यांकडून घेतलेले आहेत; कोणाचे खरेदीखत नोंदणीकृत आहे, तर कोणाचा व्यवहार अजून बाँडपेपरवरच आहे. आमच्या वरच्या अंगाला लागून असलेल्या शेतात आता मोठा गृहप्रकल्प सुरू झाला असून फलकावर सातमजली इमारतींचे चित्र लागले आहे.

आरंभीच स्पष्ट करतो की माझा इमारतींना विरोध नाही. समृद्धी महामार्ग झाला, शेंद्रा-बिडकीनकडे कारखाने वाढत आहेत, आणि तिथे कामाला येणाऱ्या माणसांनी राहायचे कोठे, हा प्रश्न खराच आहे. माझी अडचण ओढ्याची आहे. डोंगराच्या उतारावरून येणारा हा ओढा प्रकल्पाच्या जमिनीतून उतरतो, आमच्या वसाहतीच्या कडेने जातो आणि खालच्या शेतांमधून पाझर तलावाला मिळतो. वर्षातले बरेच महिने तो कोरडा असतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ती नुसती बाभळींची घळ वाटते. पण परतीचा पाऊस लागला की त्यात कंबरेइतके पाणी असते. प्रकल्पाच्या जमिनीवर मुरमाचा पुरुषभर भराव टाकला आहे आणि पोच रस्ता जेथे ओढा ओलांडतो, तेथे एकच ह्यूम पाइप (सिमेंटचा मोठा नळ) टाकून वरून दडपून घेतले आहे. त्या पाइपाचे तोंड आजच मुरूम आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी निम्मे भरलेले आहे. मागच्या जोराच्या पावसात पाणी तुंबून आमच्या मागच्या गल्लीत वळले आणि शेवटच्या रांगेतील घरांच्या उंबऱ्याला लागले.

दुसरी काळजी पिण्याच्या पाण्याची. आमच्याकडे नळ नाही. वापरायला बोअर आणि टँकर, प्यायला जार. शहराच्या ज्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटी रुपयांच्या अंदाजाने झाले आणि जिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला, तिच्यावरच सगळ्यांची भिस्त आहे. ते पाणी येईपर्यंत शेकडो नवी कुटुंबेही जमिनीखालचेच पाणी उपसणार. प्रकल्पाच्या आवारात बोअर घेतले तेव्हा राखाडी गाळ दोन दिवस आमच्या रस्त्यावरून वाहत होता. त्यानंतर आमच्यापैकी काहींच्या बोअरचे पाणी कमी झाले. कारण तेच, असे मी ठामपणे म्हणत नाही. मात्र वसाहतीत सगळे तसेच म्हणतात.

वसाहतीत एकमत नाही, हे मुख्य दुखणे आहे. किराणा दुकानदारांना गिऱ्हाईक वाढेल म्हणून आनंद आहे. ज्यांचे दोन प्लॉट आहेत, ते गुंठ्याचा भाव किती चढला याचाच हिशेब करत बसलेले असतात आणि तक्रारीचा विषय निघाला की उठून जातात. बाँडपेपरवाल्यांना भीती वाटते की आपण अर्ज केला तर अधिकारी आधी आपलेच कागद मागतील. ही भीती अगदीच खोटी नाही; गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले असे प्लॉट नियमित करण्याचा, अधिनियम २००१ चा असून २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली, परंतु आमच्याकडे अनेकांनी ती प्रक्रिया केलेलीच नाही. आणि ज्या बायका पहाटे टँकरपाशी पिंप घेऊन उभ्या राहतात, त्यांना बैठकीला कोणी बोलावतच नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

ग्रामपंचायतीने तोंडी सांगितले की परवानगी नियोजन प्राधिकरणाची आहे, आणि प्राधिकरणाच्या कार्यालयातून उत्तर मिळाले की ओढा महसूल खात्याचा विषय आहे. अशा स्थितीत काम न थांबवता, ओढ्याची मूळ रुंदी राखणे भाग पडावे यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करावा? आणि ज्यांचे स्वतःचे कागद कच्चे आहेत, त्यांनी सही करावी का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : शिवधुरा

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून कागदाचे तेवढे सांगतो. सर्वप्रथम तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी. ओढा नकाशावर असेल, तर "ही नुसती घळ आहे" हा युक्तिवाद तेथेच संपतो. त्याच वेळी माहितीच्या अधिकारात नियोजन प्राधिकरणाकडे मंजूर रेखांकन आणि नैसर्गिक प्रवाहाबाबत घातलेल्या अटींची प्रत मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मंजूर नकाशात ओढा मोकळा दाखवलेला असेल आणि जागेवर पाइप असेल, तर ते परवानगीविरुद्ध काम ठरते आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढण्याचे काम त्या प्राधिकरणाचेच आहे. मग त्यांना महसूल खात्याकडे बोट दाखवता येणार नाही.

महसूल बाजूने मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. शेतजमिनीकडे येणारा किंवा तिच्यावरून जाणारा नैसर्गिक पाण्याचा प्रवाह कोणी अडवला आणि त्यामुळे जमिनीचे वा पिकाचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. यात दोन गोष्टी लोक विसरतात. दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, आणि नुकसान शेतीचे असावे लागते. म्हणजे आपल्या वसाहतीतील प्लॉटधारक येथे योग्य अर्जदार नाहीत. योग्य अर्जदार म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी, ज्याच्या नावे सातबारा आहे आणि ज्याच्या रानात एकतर पाणी पोहोचणार नाही किंवा भलतीकडून घुसणार आहे. कच्च्या कागदांची आपली अडचणही त्यामुळे बाजूला राहते. भराव केव्हा पडला, हे तारखेसह छायाचित्रांत आजच नोंदवून ठेवा.

प्रतिसाद : काळा पाषाण

भूजलाबद्दल थोडेसे. आपल्या भागात बेसाल्टचे थर आहेत. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांमध्ये असते. अखंड पाषाणात ते साठत नाही. दोन बोअर एकाच भेगेवर लागले तर खोल बोअर उथळ बोअरचे पाणी ओढतो, आणि वेगळ्या भेगांवर असतील तर शेजारी असूनही एकमेकांवर काही परिणाम होत नाही. म्हणून तोंडी आरोपापेक्षा आपल्या बोअरची पाणीपातळी दर आठवड्याला दोरी सोडून मोजून वहीत लिहा आणि त्यांचा पंप चालू-बंद असतानाचा फरक नोंदवा. आणखी एक, मुरमाच्या भरावावर काँक्रीट झाले की वरच्या थरात पाणी मुरण्याची जागाही जाते, म्हणून ओढ्याचा आणि बोअरचा प्रश्न वेगळा मानू नका.

प्रकल्पाचे एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. ती परिवेश या संकेतस्थळावर पाहता येते. पाणी कोठून आणणार आणि पावसाचे पाणी कोठे सोडणार, हे विकासकाने त्या अर्जात स्वतःच लिहून दिलेले असते.

प्रतिसाद : दोन बीएचके

मी अशाच एका प्रकल्पात सदनिका घेतली आहे, त्यामुळे "नवे लोक आले आणि पाणी संपले" हे वाक्य रोज ऐकतो. आम्ही कर्ज काढून घर घेतले आणि आम्हालाही टँकरच मिळाला. नोंदणी करताना विक्री कार्यालयात "कॉर्पोरेशनचे पाणी येणारच आहे" असे सांगितले होते; करारनाम्यात मात्र पाण्याचा स्रोत काय, याविषयी एक ओळही नव्हती.

आपणांस विनंती की, ज्यांनी तेथे सदनिका नोंदवल्या आहेत त्यांना शोधून सोबत घ्या. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या की प्रकल्पाची महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी सक्तीची असते आणि मंजूर नकाशे तेथे कोणालाही दिसतात. नोंदणीनंतर इमारतींच्या किंवा सामाईक जागांच्या मंजूर आराखड्यात बदल करायचा असेल, तर दोनतृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. शेजाऱ्याची तक्रार महारेराकडे फारशी टिकणार नाही; सदनिकाधारकांची टिकेल. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ओढ्याचे पाणी शिरले तर नुकसान त्यांचेच आहे, हे त्यांना पटवणे अवघड जाऊ नये.

धागाकर्ता : मुरमाड

तिघांचेही मनःपूर्वक आभार. गाव नकाशाची प्रत मिळाली. ओढा त्यावर ठळक दाखवलेला आहे आणि पाइप टाकलेल्या ठिकाणी त्याची रुंदी पाइपाच्या कितीतरी पट आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे. बोअरच्या पातळीची वही टँकरच्या रांगेतील दोन ताईंनी स्वतःहून ठेवायला घेतली. पुढच्या बैठकीला त्या येणार आहेत, आणि मला वाटते त्यांच्यासमोर गुंठ्याच्या भावाचा हिशेब निघणार नाही.

शिवधुरा, आपण सांगितल्याप्रमाणे खालच्या शेतकऱ्यांशी बोललो. पहिल्या बांधाचे मालक सही करायला तयार आहेत; तुरीत पाणी साचल्याने त्यांचा एक पट्टा पिवळा पडला आहे. परंतु त्यांची जमीन घेण्याविषयी याच विकासकाशी बोलणी सुरू आहेत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दावा दाखल झाल्यावर त्यांनी जमीन विकली, तर तहसीलदारांसमोरचे प्रकरण तेथेच बारगळते, की त्याखालचे दुसरे शेतकरी आरंभापासूनच सहअर्जदार म्हणून घेतले तर ते पुढे चालू राहू शकते? सहा महिन्यांची मुदत भराव पडल्यापासून धरायची की पाइप टाकल्यापासून, हेही कृपया सांगावे, कारण दोन्हींत बरेच अंतर आहे.