डोनट आवडतो? तुमचा किस्सा सांगा

मला डोनट मनापासून आवडतो. यीस्टवर फुगलेला, साखरेचा पातळ थर बोटाला चिकटवणारा. पुण्यात शिकताना पहिल्यांदा खाल्ला आणि लातूरला परतल्यावर घरीच करू लागले. पहिल्याच दिवशी ग्लासाने चकत्या कापून बाटलीच्या झाकणाने मधलं भोक पाडत होते, तर आजी शेजारी येऊन बसली.

"भोक कशाला पाडायलीस गं माय?"

मध्ये कच्चा राहू नये म्हणून, मी म्हणाले.

"मग धपाट्याला आपण बोटानं पाडतोच की!" म्हणाली, आणि पुढचे सगळे तिनेच कापले. आता आखाड तळताना कापण्यांचा घाणा उतरला की त्याच कढईत डोनट पडतात. भोकातून निघालेले छोटे गोळे मात्र ताटापर्यंत पोचत नाहीत, मुलं कढईपाशीच पळवतात.

तुमच्या घरी डोनट कसा आला?

* * *

आमची परभणीची थंडी माहीतच आहे. डिसेंबरात दोन तास झाले तरी पीठ जागचं हलेना. शेवटी डबा गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवला, तेव्हा कुठे फुगलं. मे महिन्यात उलटं. अर्ध्या तासात पीठ पातेल्याबाहेर! उन्हाळ्यात मी थंड दुधातच मळते.

* * *

संभाजीनगरात गुलमंडीजवळ राहतो, त्यामुळे इमरती नेहमीचीच. लेकीने सातव्या वाढदिवसाला केकऐवजी डोनटची उतरंड मागितली. बाबांनी दोन खाल्ले. म्हणाले, "बालुशाहीचा भाऊच हा, पण अंगाने हलका."

* * *

अमेरिकेत जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनट दिन असतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या बायकांची आठवण म्हणून १९३८ साली शिकागोत तो सुरू झाला. हे वाचलं आणि गळा दाटला. माझा भाऊ फौजेत आहे. रजा संपवून नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने निघतो तेव्हा आई शंकरपाळ्यांचा डबा देते, मी डोनट. शंकरपाळे महिनाभर पुरतात. डोनट टिकत नाहीत, म्हणून ते आम्ही फलाटावरच, गाडी हलायच्या आत, दोघं मिळून संपवतो.

* * *

लातूरकर ताई, एप्रिलमध्ये वरची साखर वितळून ओघळते. काय करता?

* * *

उन्हाळ्यात पाक लावतच नाही. कढईतून काढले की गरम असतानाच वेलदोड्याच्या साखरेत घोळवते.