काकूंचं घड्याळ आणि बी विंगचा उजेड

लेले काकू, बी-१०२ (सकाळी ९:१२)
नमस्कार. ह्यांच्या रिटायरमेंटला मुलानं दिलेलं सिटिझनचं घड्याळ आहे, इको-ड्राइव्ह. गुढीपाडव्यानंतर कपाटात पडून होतं. काल काढलं तर सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उड्या मारतोय. स्टेशनजवळचा घड्याळवाला म्हणतो मशीनच बदलावं लागेल, अडीच हजार. द्यावेत का?

नेहा, ए-३०३ (९:१५)
काकू सेल गेला असेल. मी परवाच ऐंशी रुपयांत टाकून घेतला.

सावंत काका, बी-६०१ (९:१९)
थांबा थांबा. अडीच हजार नकोत आणि ऐंशीचा सेल तर मुळीच नको. ह्यात साधा सेल टाकायचाच नसतो. आत चार्ज होणारा सेल आहे आणि तबकडीखाली सोलर. तबकडी दिसायला घट्ट, पण तिच्यातून उजेड खाली झिरपतो. दोन-दोन सेकंदांची उडी हा बिघाड नाही. चार्ज संपत आला की ते मुद्दाम तसं चालतं, म्हणजे घालणाऱ्याला कळावं. वेळ बरोबर दाखवतंय का ते बघा आधी.

लेले काकू, बी-१०२ (९:२१)
अगदी बरोबर आहे हो! मोबाइलशी लावून बघितलं.

सावंत काका, बी-६०१ (९:२४)
मग मशीन ठणठणीत आहे. पूर्ण चार्ज असलं तर बरीच मॉडेलं अंधारात सहा महिने काढतात. तुमचं आत जातानाच अर्धपोटी असणार.

लेले काकू, बी-१०२ (९:२५)
असणारच. ह्यांना बारा महिने फुल बाह्या लागतात. घड्याळ कायम कफच्या आत. बरं, मग हॉलमधल्या ट्यूबखाली ठेवते.

अथर्व, ए-७०४ (९:३१)
काकू ट्यूबवर विसंबू नका. आत्ताच मोबाइलच्या ॲपवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजले. आमच्या हॉलमध्ये टीव्हीजवळ, ट्यूब चालू: १४०. खिडकीत, काळी फिल्म लावलेल्या काचेमागे: ६००. काच सरकवून: २,८००. गच्चीवर, आभाळ गच्च भरलेलं असताना: ११,०००. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, पण फरक बघा.

नेहा, ए-३०३ (९:३३)
काय सांगतोस! मला वाटलं पावसाळ्यात सोलर घड्याळ म्हणजे बोंबलाच.

सावंत काका, बी-६०१ (९:४०)
सगळ्यांना तसंच वाटतं. डोळे सवयीचे गुलाम, घरातही त्यांना लख्ख वाटतं. घड्याळ फसत नाही. माझ्या घड्याळाच्या पुस्तिकेत तक्ता आहे. एक दिवस चालण्यापुरतं चार्ज व्हायला ५०० लक्सला साधारण तीन-चार तास, १०,००० ला बाराएक मिनिटं, कडक उन्हात म्हणजे १ लाखाला दोन-तीन मिनिटं. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे. पण रोजचं भागणं वेगळं आणि टाकी भरणं वेगळं. रिकामं घड्याळ काठोकाठ भरायला ढगाळ उजेडात तीस-चाळीस तास धरा. म्हणजे काकू, तीन-चार दिवस दिवसभर बाहेर. तबकडी आभाळाकडे, पट्ट्याची सावली वर येऊ द्यायची नाही.

परब सेक्रेटरी (९:४२)
सभासदांना विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टँकर ११ वाजता येईल. बी विंगच्या खालून गाड्या काढा.

लेले काकू, बी-१०२ (९:४५)
परब साहेब, मग हे सोसायटीचंच काम समजा. शेजारचा टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या खिडकीत उजेड कुठाय? भर दुपारी ट्यूब लावून तांदूळ निवडते मी. घड्याळ कुठे ठेवू?

शिरोडकर, बी-२०१ (९:४६)
अगदी खरं. आमच्याकडे तर तुळसही जगत नाही.

परब सेक्रेटरी (९:४७)
तो विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

लेले काकू, बी-१०२ (९:५८)
ह्यांनी तोवर टेबललॅम्प काढलाय. जुना शंभरचा पिवळा बल्ब आहे, त्याच्याखाली अगदी टेकवून ठेवलंय. चालेल ना?

सावंत काका, बी-६०१ (९:५८)
काढा!! आत्ता काढा. त्या बल्बची नुसती धग. घड्याळाला उजेड हवा, शेक नको. ६० डिग्रीच्या वर गेलं की सेल खराब होतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही तेही ह्याच कारणानं.

शिरोडकर, बी-२०१ (१०:०१)
डॅशबोर्डचं मला विचारा. मे महिन्यात एक दुपार. पट्टाही वाकडा झाला.

लेले काकू, बी-१०२ (१०:०३)
काढलं. मागची बाजू चांगलीच चटका देत होती.

नेहा, ए-३०३ (१०:०६)
जास्त वेळ उन्हात राहिलं तर ओव्हरचार्ज नाही ना होत?

अथर्व, ए-७०४ (१०:०९)
नाही, आत त्याची सोय असते. भरलं की घेणं थांबतं. ऊन वाईट नाही, ताप वाईट. आणि ज्यांच्याकडे कॅसिओचं सोलर जी-शॉक आहे त्यांनी रात्री घाबरू नका. अंधारात तासाभरानं डिस्प्ले आपोआप कोरा होतो, वीज वाचवायला. बटण दाबलं की परत येतो. मी पहिल्या रात्री दुकानदाराला मेसेज टाकून मोकळा झालो होतो.

सावंत काका, बी-६०१ (१०:१४)
काकू, घड्याळ वर पाठवा. आमच्या गॅलरीत सकाळभर आभाळ मोकळं असतं. आणि पुढच्यासाठी एक. कधी पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर काटा अडखळत, लंगडल्यासारखा चालतो. तेव्हा घाबरायचं नाही, वेळ लावून घ्यायची की सरळ होतो. मात्र महिनोन्महिने रिकामं ठेवू नका, सेल कमजोर होतो. कपाटाऐवजी खिडकीशी राहू दे.

लेले काकू, बी-१०२ (१०:१६)
टँकरवाला आला की लिफ्ट अडकते, आत्ताच ह्यांना पाठवते. सोबत चकल्याही आहेत.

(दुसऱ्या दिवशी)

सावंत काका, बी-६०१ (दुपारी १२:४०)
काकू, काटा सेकंदा-सेकंदाला चालायला लागला. अजून तीन दिवस मात्र देणार नाही. पोट भरू दे.

लेले काकू, बी-१०२ (१२:४४)
राहू दे की. हे विचारतात, चकल्या संपल्या का.

परब सेक्रेटरी (१२:५१)
काका, माझंही एक सोलर कॅसिओ आहे. आमच्या बाजूलाही टॉवरच. संध्याकाळी आणू का?

सावंत काका, बी-६०१ (१२:५३)
सकाळी आणा, संध्याकाळी आणून काय चार्ज होणार? कबुतरांच्या जाळीच्या आत ठेवा. कुंडीशेजारी नको, ही पाणी घालताना बघत नाही.